जखमी कामगार, मालकाचा डॉक्टर आणि अपघाताची नोंद : मुंबईच्या गिरण्यांपासून सुप्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत

१

सुपा या नावाची दोन गावे महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असतात. त्यांपैकी पुणे जिल्ह्यातील सुपे हे १२ मे १८७५ रोजी तेथे उसळलेल्या शेतकऱ्यांच्या उठावामुळे इतिहासग्रंथांत कायमचे नोंदले गेले. दुसरे सुपा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात, नगर-पुणे मार्गावर वसलेले आहे. कमी पावसाच्या या टापूतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईची वाट धरीत. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९६२) याच गावाच्या शिवारात वसाहत उभारली, आणि तिच्या विस्तारित भागात जपानी उद्योगांसाठी क्षेत्र राखून ठेवण्यात आले. कामाच्या शोधात जेथून माणसे बाहेर जात, तेथेच आता बाहेरची माणसे कामाच्या शोधात येतात.

या दोन गावांमध्ये नामसाम्यापलीकडे एक वैचारिक दुवाही आहे. १८७५ च्या उठावात शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या दप्तरावर होता. त्यांनी कर्जखते हस्तगत करून जाळली. हा उठाव लवकरच नगर जिल्ह्यात पोहोचला आणि पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत हे तालुके त्याच्या कक्षेत आले. कर्ज घेणारा निरक्षर, कर्ज देणारा लिहिणारा, आणि न्यायालयात पुरावा म्हणून मानला जाणारा कागद एकट्या लिहिणाऱ्याच्या पेटीत, हे या असंतोषाचे एक मूळ होते. सरकारला ते पटले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत ग्रामनिबंधक नेमण्याची तरतूद केली. कर्जाचा दस्तऐवज त्रयस्थासमक्ष व्हावा, शेतकऱ्याला पावती व हिशेबाचा उतारा मिळावा, असे ठरविण्यात आले. दोन पक्षांपैकी एकाच्या हाती नोंद राहिली की न्याय होत नाही, हे तत्त्व शेतीच्या क्षेत्रात अशा रीतीने कायद्यात आले.

कारखान्याच्या क्षेत्रात मात्र हे तत्त्व फार उशिरा आणि अर्धवट आले. यंत्रात हात सापडलेल्या कामगाराच्या बाबतीत अपघात झाला की नाही, तो कामावर झाला की कामाबाहेर, जखम किती गंभीर, बरे व्हायला किती दिवस लागतील आणि कायमचे अपंगत्व किती, या पाच प्रश्नांची उत्तरे निर्णायक असतात. यांपैकी बहुतेक उत्तरे दीर्घकाळ मालकाच्या नोंदवहीतून अथवा मालकाने नेमलेल्या डॉक्टरच्या लेखणीतून येत राहिली. या व्यवस्थेचा उगम, तिच्यात झालेले बदल आणि सुप्यासारख्या नव्या वसाहतीत तिचे उरलेले अवशेष यांचा मागोवा पुढे घेतला आहे.

२

योगायोगाने १८७५ हेच वर्ष कारखाना कायद्याच्या इतिहासातही आरंभीचे आहे. त्या वर्षी मुंबई सरकारने मुंबईचे कलेक्टर आर्बथनॉट यांच्या अध्यक्षतेखाली गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगात गिरणीमालकांचा भरणा होता आणि बहुमताने कायद्याची आवश्यकता नाकारली. कायदा हवा असे म्हणणाऱ्यांत स्वतः अध्यक्ष आणि डॉ. थॉमस ब्लेनी हे होते. ब्लेनी हे मुंबईच्या सार्वजनिक जीवनात वावरणारे वैद्य होते. गिरणीतील माणसाच्या शरीराविषयी मालकापेक्षा वेगळे मत देणारा पहिला आवाज वैद्यकाच्या बाजूने उठला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा झाला. यंत्रांना कुंपण घालणे आणि अपघाताची सूचना देणे ही कर्तव्ये त्यात आली, परंतु सूचना द्यायची ती कारखानदारानेच. जखमी माणसाला भरपाई देण्याविषयी कायद्यात काही नव्हते. मृताच्या वारसांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी दावा लावता येत असे. तथापि तेथे मालकाची चूक सिद्ध करण्याचा भार वारसांवर होता आणि सोबत्याच्या चुकीने अपघात झाला तर मालक जबाबदार नाही हा इंग्रजी न्यायतत्त्वाचा अडसरही होता. हा अडसर भारतात १९३८ च्या मालक-दायित्व कायद्याने दूर झाला.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या १८८४ च्या अर्जाचे महत्त्व विशेष आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्या वर्षीच्या कारखाना आयोगाकडे सादर करण्यात आले. रविवारची सुटी, दुपारची विश्रांती, कामाच्या वेळेची मर्यादा व वेळेवर पगार या मागण्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. पाचव्या मागणीकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले. कामावर गंभीर इजा होऊन काही काळ काम करता येत नसेल तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आले तर निर्वाहाची योग्य सोय व्हावी, अशी ती मागणी होती.

या मागणीत चुकीचा प्रश्नच काढलेला नाही. चूक कामगाराची की मालकाची, हे न पाहता इजा हाच हक्काचा आधार मानला आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने हे तत्त्व १८९७ मध्ये स्वीकारले, म्हणजे परळच्या मैदानातील अर्ज त्याच्या तेरा वर्षे आधीचा ठरतो. तथापि ‘बरा झाला’ हे कोणी ठरवायचे याविषयी अर्ज मौन आहे. पुढील शंभर वर्षांचा वाद नेमका याच रिकाम्या जागेत झाला.

३

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. कामावरून व कामाच्या ओघात झालेल्या इजेबद्दल मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व त्याने मान्य केले. या कायद्याची रचना बारकाईने पाहिली असता दोन परस्परविरोधी प्रवृत्ती दिसतात.

एकीकडे कायदेकारांना पैशाच्या व्यवहाराबाबत मालकावर विश्वास नव्हता. मृत्यूबद्दलची भरपाई मालकाने परस्पर वारसांना न देता आयुक्ताकडे भरावी, असे आठव्या कलमाने सांगितले. हक्क सोडून देण्याचा करार सतराव्या कलमाने निरर्थक ठरविला. तडजोडीचा करारनामा आयुक्ताकडे नोंदवावा आणि रक्कम अपुरी वाटल्यास त्याने नोंदणी नाकारावी, अशी अठ्ठाविसाव्या कलमाची व्यवस्था होती. येथे १८७९ च्या ग्रामनिबंधकाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

दुसरीकडे, शरीराच्या परीक्षेबाबत मात्र हा सावधपणा नाही. अकराव्या कलमान्वये कामगाराने अपघाताची सूचना दिल्यावर मालकाला तीन दिवसांच्या आत आपल्या खर्चाने डॉक्टरी तपासणी देऊ करता येई. कामगाराने तपासणी नाकारली तर त्याचा भरपाईचा हक्क स्थगित होई. मालकाने विनामूल्य देऊ केलेल्या डॉक्टरचा उपचार घेण्याचे नाकारून अथवा त्याच्या सूचना न पाळून इजा बळावली, तर भरपाई बळावलेल्या इजेची नव्हे, योग्य उपचार झाले असते तर राहिली असती तेवढ्याच इजेची. ही तरतूद वरवर पाहता वाजवी आहे, कारण खोटे दावे टाळायचे तर तपासणी हवीच. परंतु त्या काळच्या गिरणगावातील कामगाराला स्वतःचा डॉक्टर परवडत नव्हता. त्यामुळे मालकाच्या डॉक्टरचे मत हे बहुधा एकमेव मत ठरे.

या मताला किती किंमत होती हे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीवरून कळते. पुढे सुधारलेल्या त्या तक्त्यात अंगठा गेल्यास उपार्जनक्षमतेची हानी ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, तिची दोन पेरे गेल्यास ११, एक पेर गेल्यास ९ आणि हाड न जाता केवळ शेंडा तुटल्यास ५ टक्के धरली आहे. म्हणजे एका पेराच्या वर्णनावर रक्कम दीडपटीहून अधिक बदलते. तक्त्यात न बसणाऱ्या इजेबाबत, ताठरलेले मनगट, दुखावलेला कणा, मंदावलेली दृष्टी यांबाबत, टक्केवारी सर्वस्वी वैद्यकीय मतावर अवलंबून राहते. १९८४ च्या दुरुस्तीने अशा इजांचे मूल्यमापन अर्हताप्राप्त वैद्यानेच करावे असे स्पष्ट केले. परंतु तो वैद्य कोणाचा, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

उपचाराच्या निर्णयावर दिवसांच्या हिशेबाचाही परिणाम होतो. मूळ कायद्यात दहा दिवसांहून कमी काळ टिकणाऱ्या असमर्थतेला भरपाई नव्हती. व्हिटली आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला. ना. म. जोशी हे त्या आयोगाचे एक सदस्य होते. त्यानंतर १९३३ च्या दुरुस्तीने ही मुदत सात दिवसांवर आणि १९५९ च्या दुरुस्तीने तीन दिवसांवर आणली. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अठ्ठ्याऐंशीव्या कलमाने आणखी एक रेघ ओढली : अपघातानंतर लागोपाठ ४८ तास अथवा अधिक काळ काम करता आले नाही तर निरीक्षकाला सूचना द्यावी. अशी रेघ कायद्याला आवश्यक असते. परंतु ज्याच्या हाती जखमीला कामावर बोलावण्याचा अधिकार आहे, त्याच्याच हाती ती रेघ ओलांडली की नाही हे ठरविण्याची शक्ती राहते. बोटाला पट्टी बांधलेला माणूस दुसऱ्या दिवशी फाटकावर नुसता बसवून ठेवला आणि हजेरीपटावर हजर दाखविला, की कायद्याच्या दृष्टीने तो अपघात सूचनापात्र उरत नाही.

हा दोष केवळ भारतीय नाही. अमेरिकेत १९७० च्या कायद्याखालील नियमांनुसार जखमेला टाके घातले तर तो ‘वैद्यकीय उपचार’ ठरून नोंद करावी लागते, आणि चिकटपट्टीने कडा जुळविल्या तर तो ‘प्रथमोपचार’ ठरून नोंद टळते. तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ मध्ये कारखान्यांशी संबंधित वैद्यक व्यावसायिकांची पाहणी केली. दुखापत सौम्य दाखविण्याचे दडपण आल्याचे त्यांतील निम्म्याहून अधिकांनी, आणि अपुरा उपचार देण्यास सांगितले गेल्याचे एक-तृतीयांशाहून अधिकांनी नमूद केले. जखम शिवायची की चिकटवायची हा शल्यचिकित्सेचा प्रश्न नोंदवहीच्या सोयीने सुटू लागतो, तेव्हा वैद्यकाचे स्वातंत्र्य संपते.

४

अपघात निदान डोळ्यांना दिसतो. व्यवसायजन्य रोग दिसत नाही, आणि म्हणून तेथे नोंदीवरील ताबा अधिक परिणामकारक ठरतो. रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्येच रोग्याला त्याचा धंदा विचारावा असे सांगितले होते. तथापि धंदा विचारून झाल्यावर उत्तर कागदावर येईलच अशी हमी नव्हती.

मुंबईच्या गिरण्यांत कापसाच्या धुळीने होणारा श्वसनविकार (बायसिनोसिस) हे याचे ठळक उदाहरण आहे. सुटीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळणे हे त्याचे आरंभीचे लक्षण होय. कालांतराने तो जुनाट दम्यासारखा अथवा खोकल्यासारखा दिसू लागतो. मग चाळीतील ओल, विडीचे व्यसन, क्षय अशी दुसरी कारणे देणे सोपे जाते. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा दीर्घ अभ्यास केला, तो सार्वजनिक रुग्णालयाच्या आश्रयाने. हा तपशील गौण नाही. कामगाराच्या रोगाविषयीचे स्वतंत्र ज्ञान बहुधा तेथेच निर्माण झाले, जेथे वैद्याचे वेतन कारखान्यातून येत नव्हते.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील सारानॅक प्रयोगशाळेचे. १९३६ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातील काही कंपन्यांनी तेथील संशोधनाला पैसा पुरविला, परंतु निष्कर्ष ही आपली मालमत्ता राहील आणि संमतीविना प्रसिद्ध होणार नाही, या अटीवर. मुख्य संशोधक गार्डनर १९४६ मध्ये वारले. १९५१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा कर्करोगासंबंधीचा भाग त्यातून गळालेला होता. १९४९ मध्ये जॉन्स-मॅनव्हिल कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने क्ष-किरणांत बदल दिसलेल्या, पण अद्याप त्रास नसलेल्या कामगारांना तसे न सांगण्याची भूमिका लेखी मांडली होती. हे कागद पुढे न्यायालयीन दाव्यांमुळे उजेडात आले.

भारतीय कायद्याने येथे वेगळा मार्ग योजला होता. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या एकोणनव्वदाव्या कलमाने सूचित रोग आढळल्यास तो कळविण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या वैद्यावरही स्वतंत्रपणे टाकली. पुढे २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. कामगाराची वैद्यकीय नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत अधिक असेल तोवर जतन करण्याचा आदेशही त्याने दिला. मंद गतीने वाढणाऱ्या रोगात जुना कागद हाच साक्षीदार असतो, हे न्यायालयाने ओळखले. परंतु १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत असताना कामगारांच्या वैद्यकीय नोंदींचा वाली कोण, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात सहज सापडत नव्हते.

५

मालकाच्या हातून डॉक्टर काढून घेण्याचा खरा प्रयत्न कर्मचारी राज्य विमा योजनेने केला. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये आपला अहवाल सादर केला, तेव्हा केंद्र सरकारात मजूर खात्याची धुरा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होती. त्यावर आधारित कायदा १९४८ मध्ये झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली.

योजनेमागील विचार मूलगामी होता. भरपाईच्या कायद्यात प्रत्येक जखमेचा भुर्दंड त्या त्या मालकावर पडतो, म्हणून जखम लहान ठरण्यात त्याचा स्वार्थ असतो. वर्गणीतून निधी उभारला, दाखला विम्याच्या डॉक्टरने दिला आणि कायम अपंगत्वाची टक्केवारी वैद्यकीय मंडळाने ठरविली, तर तो स्वार्थ नाहीसा व्हावा. मंडळाच्या निर्णयावर अपिलाचीही सोय होती. १९६६ च्या दुरुस्तीने, कामाच्या ओघात झालेला अपघात हा उलट पुरावा नसल्यास कामामुळेच झाला असे गृहीत धरण्याचे ठरले. शिवाय १९५० च्या विनियमांप्रमाणे जखमी कामगार स्वतः, तोंडीसुद्धा, अपघाताची सूचना देऊ शकत होता. निरक्षर माणसाच्या शब्दाला येथे प्रथमच नोंदीचा दर्जा मिळाला.

तरीही दोन दारे उघडी राहिली. अपघात-पुस्तक कारखान्यातच राहिले, आणि कामगार विमाधारक आहे की नाही हे मालकाने त्याचे नाव कळविण्यावर अवलंबून राहिले. कंत्राटदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची अंतिम जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर टाकली होती. परंतु ज्याचे नावच कोठे लिहिलेले नाही, त्याची वर्गणी कोणी मोजावी? ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या अहवालांत वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांतील, प्रथम हरियाणातील व नंतर महाराष्ट्रातीलही, जखमी कामगारांची पाहणी आहे. दाब-यंत्राखाली बोटे गमावलेल्या कामगारांपैकी पुष्कळांना विम्याचे ओळखपत्र अपघात झाल्यानंतर देण्यात आले, असे त्यात आढळून आले. म्हणजे ज्या नोंदीने संकटापूर्वी संरक्षण द्यावयाचे, ती संकटानंतर मालकाच्या बचावासाठी तयार होते. या पाहणीत दुसरीही एक गोष्ट स्पष्ट झाली : एका संस्थेच्या मदतकेंद्रावर येणाऱ्या जखमींची संख्या आणि सरकारी अहवालातील अपघातांची संख्या यांचा मेळ बसत नाही.

६

या इतिहासाच्या प्रकाशात सुप्यासारख्या वसाहतीकडे पाहिले असता प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. गिरणगावात कामगार एका मोहल्ल्यात राहत, त्यांची संघटना होती, आणि मोठी सार्वजनिक रुग्णालये जवळ होती. महामार्गालगतच्या वसाहतीत कारखाने विखुरलेले असतात, मोठ्या उद्योगाभोवती सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने असतात आणि मनुष्यबळाचा काही भाग कंत्राटदाराकडून येतो. जखमीला कोणत्या दवाखान्यात न्यायचे, तेथे ‘कामावर इजा’ असे सांगायचे की ‘घरी पडला’ असे, हे प्रथम ठरविणारा माणूस बहुधा त्याला गाडीत घालणारा असतो. केसपेपरवर लिहिलेली ती पहिली ओळ पुढील प्रत्येक पायरीवर पुरावा होते.

गावाचा आधार हा या व्यवस्थेचा न बोललेला भाग आहे. आजारी पडला की गिरणी कामगार गावी जातो आणि गाव त्याचा सांभाळ करते, हे व्हिटली आयोगानेही पाहिले होते. त्याचा अर्थ असा की घाटावरील कोरडवाहू गावे मुंबईच्या उद्योगांची विनावेतन शुश्रूषागृहे होती. तेथे घालविलेले आजाराचे दिवस कोणत्याही गिरणीच्या खर्चात धरले गेले नाहीत. पारनेरसारख्या तालुक्यांनी हा भार दीर्घकाळ वाहिला. सुप्यात काम करणारा परजिल्ह्यातील अथवा परप्रांतातील मजूर जखमी होऊन गावी परततो, तेव्हा तोच भार दुसऱ्या एखाद्या कोरडवाहू गावावर पडतो.

कायद्याचा सांगाडा दरम्यान बदलला आहे. १९२३ व १९४८ च्या कायद्यांची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. कामगारांची मोफत वार्षिक आरोग्य तपासणी ही त्यांतील स्वागतार्ह तरतूद होय. परंतु यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या १० वरून २० वर गेली, अपघाताच्या सूचनेसाठी ४८ तासांची रेघ कायम राहिली आणि सूचना देणारा हात मालकाचाच राहिला. तपासणीचा निष्कर्ष कोणाच्या दप्तरात राहतो आणि त्याची प्रत कामगाराला मिळते की नाही, यावर त्या तपासणीचे मोल ठरणार आहे.

७

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या विवेचनातून साधनचिकित्सेचा एक नियम निघतो. अपघातांचे सरकारी आकडे हे कामगारांच्या जखमांचे मोजमाप नव्हे. ते मालकांनी दिलेल्या सूचनांचे मोजमाप होय. एखाद्या जिल्ह्यात अपघात घटलेले दिसले तर यंत्रे सुरक्षित झाली, निरीक्षण ढिले पडले, कामगार कायद्याच्या कक्षेबाहेर गेले की जखमा नोंदीतून वगळल्या गेल्या, हे आकडा स्वतः सांगत नाही. मृत्यू लपविणे कठीण असते. म्हणून मृत्यूंच्या मानाने जखमांची संख्या संशयास्पद रीतीने अल्प असेल तर तेथे नोंदीचा दोष प्रथम तपासावा. आयुक्तांपुढील दावे, विमा रुग्णालयांचे केसपेपर, वैद्यकीय मंडळांचे निर्णय आणि कामगारांच्या तोंडी साक्षी ही साधने त्या आकड्यांशेजारी ठेवूनच निष्कर्ष काढावा लागेल. यांपैकी पुष्कळ कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात, म्हणून ते जपण्याची निकडही आजचीच आहे.

वैद्यक आणि उद्योग यांचा संबंध सर्वस्वी अनिष्ट असतो असे नाही. कारखान्यातील दवाखान्याने असंख्य माणसांचे प्राण वाचविले आहेत, आणि रक्त वाहत असताना जवळचा डॉक्टर कोणाच्या पगारावर आहे हे कोणी विचारत नाही. दोष उद्भवतो तो उपचार करणारा, दाखला देणारा आणि त्या दाखल्याने पैसे वाचणारा हे तिघे एकाच दप्तरात बसतात तेव्हा. १८७९ मध्ये सावकार व शेतकरी यांच्यामध्ये ग्रामनिबंधक बसविताना राज्यकर्त्यांनी सर्व सावकारांना लबाड ठरविले नव्हते. ज्याचा लाभ त्याच्याच हाती लेखणी असू नये, एवढेच त्यांनी मान्य केले होते. ते तत्त्व पारनेर तालुक्याच्या शेतात पोहोचल्याला जवळजवळ दीड शतक होत आले. त्याच तालुक्यातील कारखान्याच्या अपघात-पुस्तकापर्यंत ते अद्याप पुरते पोहोचावयाचे आहे.